त्या संध्याकाळी घरी कोण होतं

९ फेब्रुवारी
भाऊजींना नेलं! जेवत्या ताटावरून उठवलं. आणि तेही माझ्या बोलण्यावरून.

लाँड्रीचे मालक परवा मागच्या खोलीत, धुण्याच्या मशीनपाशी, डोकं फुटून पडले होते. अजून शुद्धीवर नाहीत. हे आणि धाकटे भाऊजी, दोघंही तिथेच कामाला — हे इस्त्रीवर, भाऊजी कपडे पोचवायला. हवालदाराने विचारलं, त्या संध्याकाळी कोण कधी घरी आलं? मी बोलून बसले — भाऊजी उशिरा आले, आल्या आल्या अंगातला शर्ट स्वतःच धुतला. आणि तुमचे मिस्टर? ते घरीच, तापाने पडून होते, म्हटलं.

पहिलं खरं. दुसरं यांनी सांगायला लावलेलं. मी तर दिवेलागणीपर्यंत मुलीला घेऊन दवाखान्यात होते; परतले तेव्हा हे घरात होते, भाऊजी त्यानंतर आले. उगाच चौकशीचं झेंगट नको, म्हणाले. मला पटलं.

१० फेब्रुवारी
सासूबाई बोलत नाहीत. माझ्या हातचा चहासुद्धा नको.

१२ फेब्रुवारी
भाऊजींचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांनी आज नकार कळवला. मालक जिवंत आहेत, पण गल्लीने भाऊजींना खुनी ठरवूनही टाकलं. हे म्हणतात, तू मनाला लावून घेऊ नकोस. यांच्याही घशाखाली घास उतरत नाही. भावासाठी जीव तुटत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

१५ फेब्रुवारी
भाऊजींना भेटले. ओठ सुजलेला, दाढी वाढलेली. मी आधी रडून घेतलं. मग विचारलं, खरं काय ते सांगत का नाही? भाऊजी हळूच बोलले. कपडे घ्यायला गेले तर मालक पडलेले. त्यांना उचलताना शर्टाला रक्त लागलं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोनही भाऊजींनीच केला, नाव न सांगता. आणि मागच्या दाराने कुणीतरी पळताना दिसलं.

"कोण?"

"वहिनी, तुमच्या पदरात लहान पोर आहे. मी एकटा जीव. नका विचारू."

विचारायचं उरलंच काय?

१६ फेब्रुवारी
दूध उतू गेलं. मी तिथेच उभी होते.

गेल्या महिन्यात एक कोट जळला म्हणून मालकाने यांना गिऱ्हाइकांसमोर थोबाडीत मारली होती. घरी आल्यावर दोन दिवस शब्द नव्हता. मीही विचारलं नाही.

आज विचारलं — त्या दिवशी खरंच ताप होता? हे उठून गॅलरीत गेले.

माझं एक खरं आणि एक खोटं, दोन्ही भाऊजींच्याच मानेवर बसलं.

१७ फेब्रुवारी
सकाळी मुलीला सासूबाईंपाशी बसवलं आणि निघाले. हे दारात.

"कुठे?"

"चौकीत."

खाली बघत राहिले. वाटलं, आता अडवतील.

"थांब," म्हणाले, "चपला घालतो."