फळीवरची चिठ्ठी

३ नोव्हेंबर, सोमवार
चहाची पूड आणायला कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात. पूड खरं तर अजून चार दिवस पुरली असती. पण रोज एकच वस्तू आणायची असं ठरवलंय, म्हणजे रोज बाहेर पडायला निमित्त. आई गेल्यापासून आठ महिने हेच. काउंटरला नसीमताई. "आज फक्त चहा? साखर उद्या वाटतं?" त्यांना कळलंय बहुतेक. हसले. दिवसभरात तेवढंच बोलणं.
घरी येऊन बिल वाचलं. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कागदच वाचले, सवय जात नाही. फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठीवर २४५ होते, बिलात २६८. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. २६८च. "आई, हे बघ गं" असं अगदी तोंडावर आलं होतं, आणि मग...

४ नोव्हेंबर
बिल घेऊन गेले. चिठ्ठी तशीच, २४५. नसीमताई म्हणाल्या, "मशीनमध्ये येतं ते मी घेते, ताई. सरांना विचारा."
मॅनेजर पस्तिशीचा, गोड बोलतो. "मॅडम, पाकिटावर छापील किंमत २८० आहे. त्याच्या आतच घेतलंय की."
"पण फळीवर २४५ वाचून मी ते उचललं."
"ऑफर संपली, चिठ्ठी काढायची राहिली. फरक देतो तुम्हाला."
"मला एकटीला देऊन काय उपयोग? चिठ्ठी बदला. बाकीच्यांना कोण देणार?"
रांगेतले एक गृहस्थ: "अहो काकू, व्याख्यान संध्याकाळी ठेवा. आम्हाला कामं आहेत."
"मग संध्याकाळी या. आणि येताना आजचं बिल वाचून या."
खरं लिहायचं तर बरं वाटलं. दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. असं कुणी बघून किती दिवस झाले.

८ नोव्हेंबर, शनिवार
अकरा वस्तू घेतल्या. आधी प्रत्येकीच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो, मग बिल. सात चुकीच्या. सातही वेळा दुकानाचाच फायदा. मशीन हुशार आहे.
घरात आता फिनेलच्या तीन बाटल्या.
गर्दी नव्हती. नसीमताई हळूच म्हणाल्या, "ऑफर संपली की मशीनमध्ये त्याच दिवशी भाव चढतो. चिठ्ठ्या आठ-आठ दिवस तशाच. बदलायला माणूसच नाही, दोघांना काढलं. सरांना सगळं माहीत आहे. पण ताई, मी बोलले हे कुठे यायला नको हं."
"छे हो, कशाला येईल?"

१० नोव्हेंबर
ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. वीस मिनिटं. ठेवताना जिवावर आलं. लेखी तक्रार करा म्हणाल्या.
दिवसभर लिहीत बसले. जेवायचं राहून गेलं. शेवटी एक वाक्य घातलं: "दुपारच्या पाळीतील महिला कर्मचाऱ्यानेही हे मान्य केले आहे." नाव घातलेलं नाही. या वाक्याने तक्रार भक्कम होते. फोटो जोडून पाठवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सगळ्या चिठ्ठ्या नव्या! दारात पाटी: "फळीवरील किंमत व बिल यांत फरक आढळल्यास कमी असेल ती किंमत घेतली जाईल." दोनदा वाचली. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आत गेले नसीमताईंना सांगायला, तर काउंटरला नवा माणूस. "त्या कुठे आहेत?" "माहीत नाही." वस्तू सरकवली, मान वर नाही.

२१ नोव्हेंबर
मॅनेजरला गाठलं. "त्यांना वाघोलीला टाकलंय. गोडाउनमध्ये."
"का?"
"मॅडम, तक्रार आमच्याकडेच आली. तुम्हीच लिहिलंत ना. दुपारच्या पाळीत बाई एकच होती."
नाव लिहिलं नव्हतं. नाव लिहिलं नव्हतं, असं घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते.
आई अंथरुणाला खिळल्यावर शेवटी शेवटी एकच माणूस येत होतं, नसीमताई. ड्युटी संपली की भवानी पेठेत आपल्या घरी जाण्याआधी दहा मिनिटं. आईच्या पायांना तेल लावून जायच्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बसने वाघोली. पोचायला दीड तास. जेवणाच्या सुट्टीत नसीमताई बाहेर आल्या, गुडघा धरून. दिवसभर खोकी उचलतात.
"ताई, चिठ्ठ्या चुकीच्याच होत्या. तुमचं बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. मग, "पण माझं बोलणं का लिहिलंत? नको म्हणाले होते ना."
"नाव नव्हतं लिहिलं."
मला वर बघवेना.
"अम्मी आता रात्री आठपर्यंत एकटी असते. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळं केलंय घरी."
रागावल्या असत्या तर परवडलं असतं.
निघताना म्हणाल्या, "सर म्हणतात, 'माझा गैरसमज झाला होता' असं तुम्ही लिहून दिलंत तर मला परत आणतील."

२५ नोव्हेंबर
मॅनेजरकडे कागद तयारच होता. घरी आणला. 'गैरसमज' या शब्दाशी पेन थांबतं. सही केली तर उद्या पाटी काढतील. नाही केली तर तो गुडघा, ती म्हातारी बाई. हेल्पलाइनचाही मेसेज आलाय: तक्रारीचे समाधान झाले का? होय / नाही.
विचारायला कुणी नाही.

२७ नोव्हेंबर
त्यांचा कागद सही न करताच परत केला. माझा दिला: "चिठ्ठ्या चुकीच्या होत्या, दुकानाने त्या दुरुस्त केल्या. कर्मचाऱ्याचे खासगी बोलणे मी त्यांनी नको म्हटले असताना लिहिले. माझी तक्रार ठाम दिसावी म्हणून लिहिले. ही चूक माझी. त्यांना मूळ जागी आणल्याशिवाय मी हेल्पलाइनला 'होय' कळवणार नाही."
मॅनेजर वाचून म्हणाला, "हे वरच्यांना चालेल असं वाटत नाही, मॅडम."
"वरच्यांना ठरवू दे. पोच द्या."
शिक्का मारून दिली.

२ डिसेंबर, मंगळवार
पाच दिवस काहीच नाही. दुकानात गेले नाही. कुणाशी बोलणंही नाही.
दुपारी फोन. नसीमताई. "वरून काही कळलं?"
"नाही. तुम्हाला?"
"नाही." मग, "सरांनी तुमच्या पत्राचा फोटो पाठवला मला. असं कशाला लिहिलंत स्वतःबद्दल?"
"तसंच झालं होतं म्हणून."
मागे खोकी ओढल्याचा आवाज. वाटलं, आता ठेवतील.
"जेवलात का?"
"नाही अजून."
"मग वाढून घ्या. माझी सुट्टी संपायला वीस मिनिटं आहेत. आहे मी."
ताट वाढून घेतलं. फोन शेजारी ठेवला. पलीकडून डबा उघडल्याचा आवाज आला.