श्रीपतरावांचं सदर

॥ श्री ॥
गुलबर्गा, ८ फेब्रुवारी १९९८

चि. माउलीस अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडं आम्ही खुशाल आहोत, पण बातमी वाईट आहे. साप्ताहिकात ‘घरातला संगणक’ लिहिणारे श्रीपतराव परवा गेले. झोपेतच.

आपल्या गावचा, मुडबीचा तो दिवस तुला आठवत असंल. यंत्र नसताना संगणक शिकता येतो का, असं मी त्यांना लिहून विचारलं होतं. उत्तर सदरात येईल म्हणून वाट बघत होते, तर ते स्वतःच बसमधून उतरले, यंत्र वाकळंत गुंडाळून. शेजारच्या हावगेप्पाच्या टीव्हीला तारा जोडल्या. अप्पांनी माझं लग्न काढलं होतं, त्यावर श्रीपतराव चकार शब्द बोलले न्हाईत. अप्पांचं बोट धरून पडद्यावर इंग्रजीत ‘ग्यानबा’ उमटवलं. इंग्रजी अक्षरं अप्पांना येईनात, ती मी वाचून दाखवली. अप्पा कितीतरी वेळ आपल्या नावाकडं बघत बसले. त्याच जूनात त्यांनी मला गुलबर्ग्याला शिकायला धाडलं.

आता संपादक म्हणायलेत, सदर तुम्ही चालवा. क्लासात पोरींना शिकवणं वेगळं, हे वेगळं. श्रीपतरावांच्या जागी माझं नाव छापलेलं मलाच बघवणार न्हाई. त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला, रुद्रम्माकाकूंना भेटून नको म्हणून सांगावं, असं मनात आहे. तुला काय वाटतं ते कळव. जेवणाची हेळसांड करू नको.

तुझी अक्का,
शिवकन्या


पुणे, १७ फेब्रुवारी १९९८

ती. अक्काच्या चरणी माउलीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर कामात चित्त लागलं न्हाई. अक्का, नको कामून म्हणायलीस? श्रीपतरावांनी एकदा फ्लॉपी पुसायची रीतच चुकीची लिहिली होती. पुढच्या आठवड्यात सगळ्यात वर, ठळक अक्षरात लिहिलं, की मी चुकलो. त्यानंतर लोक त्यांना जास्तच वाचायला लागले. तू पण चुकशील. आणि मला घरात उठता-बसता शिकवतेस, तवा कुठं जाते ही लाज?

अप्पांना नमस्कार. रागावू नको, रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा माउली


गुलबर्गा, ४ मार्च १९९८

चि. माउलीस अनेक आशीर्वाद वि. वि.

नको सांगायलाच गेले होते. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, त्या यंत्राला मी कधी हात लावला न्हाई. पण ते दर मंगळवारी सदर आधी मला वाचून दाखवायचे, मला उमगलं न्हाई की तेवढं खोडायचे. आता मंगळवार उजाडला की घर लई गप होतंय. माझ्या तोंडून नको निघालंच न्हाई.

काल मंगळवार. चार पानं लिहून नेली. पैलं पान ऐकून काकू म्हणाल्या, न्हाई कळलं. दुसरं ऐकून पण तेच. मी खोडत गेले, पुन्हा लिहीत गेले. राग आला, मग हसू आलं. दिवेलागणीला एकच पान उरलं. ते ऐकून म्हणाल्या, व्हय, आता कळलं.

मग उठल्या, यंत्रावरचं फडकं काढलं, श्रीपतरावांची खुर्ची ओढून बसल्या, आणि पैल्यांदा कुठं दाबायचं ते मला विचारलं.

शिमग्याला ये. माया आहे, ती वाढव.

तुझी अक्का