भाऊजींना मारलेली हाक

ट्रॉम्सो, नॉर्वे
६ जानेवारी १९७५

ती. ताईस माधवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेतकूट, दोन्ही पोचलं. आमच्या जहाजाचं इंजिन अजून उघडलेलंच आहे, म्हणून आम्हा इंजिनवाल्यांचा मुक्काम इंगा नावाच्या म्हातारीच्या घरी आहे. इथे सध्या सूर्य उगवतच नाही. पण आकाशात हिरवा उजेड उठतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा हलतो.

इंगाबाई म्हणते, तो सरलेल्या दिवसांचा उजेड आहे. तो डोंगराला टेकला की खाली उभं राहून गेलेल्या माणसाला नावानं हाक मारायची. मग आपण बोललेलं त्याला त्याच्या हयातीतल्या, आपण म्हणू त्या दिवशी ऐकू जातं. तिच्या आजोबांचा भाऊ तर म्हणे सकाळी त्या उजेडात शिरला आणि संध्याकाळी पांढरी दाढी घेऊन डोंगर उतरला. मी म्हटलं, आमच्या भिवंडीत लूमवर डबल शिफ्ट केली की माणूस असाच दिसतो. चंद्राला ही गोष्ट सांग, तिला असलं फार आवडतं.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझा माधव

भिवंडी
२५ जानेवारी १९७५

चि. माधव यास ताईचे अनेक आशीर्वाद.

गोष्ट ऐकून चंद्रा हसली. मला हसू आलं नाही. शेजारच्या धोंडूबाईंनी विचारलं, तुजा भाव बरा हाय ना गं, तोंड का उतरलंय. त्यांना काय सांगणार?

तू म्हणशील, शाळेत शिकवणारी बाई, आणि असल्यावर विश्वास ठेवते! ठेवत नाही रे. तरी माझं एक काम कर. तो उजेड टेकला की ह्यांना हाक मार. पूर आला त्या दिवशी सकाळी ऐकू जाईल असं बोल. म्हणावं, आज ड्युटीवर जाऊ नका, घरीच राहा. निघताना ते दारात उभे राहून पाऊस बघत होते. तेव्हा एवढं कुणी म्हटलं असतं तर थांबलेही असते. दोन वर्षं मी ह्याच दारातून आत-बाहेर करते आहे.

कुणाला सांगू नकोस. हसू तर मुळीच नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई सरला

भिवंडी
३ फेब्रुवारी १९७५

चि. माधव यास आशीर्वाद.

मागच्या पत्रात लिहिलं ते करू नकोस. तार करायला गेले होते, पण खिडकीपाशी इंग्रजीत काय लिहावं ते सुचेना. परत आले.

रविवारी धोंडूबाईंबरोबर अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. चंद्राला पायरीवर बसवून नुसते पाय बुडवायला सांगितले, तर तिनं माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की श्वास घेता येईना. पाण्याकडे बघेचना. बायका हसत होत्या. मला मात्र पुराचा दिवस आठवला.

त्या दिवशी नदीच्या फरशी पुलावरून पाणी चढलं, तेव्हा ही तिथे होती. तिच्या सख्ख्या आईला, ठकुबाईला, लोंढ्यानं आधीच ओढून नेलं होतं. ड्युटीवरून परत येणारे हे पुरात उतरले नसते, तर दुसरं कोण उतरणार होतं? ते घरी राहिले असते, तर माझ्या गळ्यात पडलेले हे हात आज कुठे असते?

मला दोघंही हवीत, माधव. पण तिचा जीव देऊन मला हे परत नकोत. त्यांनाही ते चाललं नसतं.

पत्र वेळेत पोचू दे, एवढंच देवाला म्हणते आहे.
तुझी ताई सरला

ट्रॉम्सो
२० फेब्रुवारी १९७५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं दुसरं पत्र काल मिळालं. पण पहिलं मिळालं, त्याच दिवशी दिवेलागणीला मी बाहेर पडलो होतो. घाबरू नकोस, पुढे वाच.

इंगाबाईनं नवऱ्याचा जाड कोट मला घातला आणि ती दारात उभी राहिली. उजेड खरंच डोंगरापर्यंत उतरला होता. पान्हा आणि ग्रीस सोडून कशावर विश्वास नसलेला मी, बर्फात उभा राहून ओरडलो, भाऊजी! पण तू सांगितलेलं वाक्य काही उच्चारलं नाही. मागच्या खेपेला मी जाऊ नये म्हणून चंद्रानं माझा एक बूट पिठाच्या डब्यात लपवला होता, ते आठवलं.

मग वाटलं, भाऊजींनी पोरीला काठाकडे ढकललं आणि तेवढ्यात पाण्यानं त्यांना नेलं. ती कुणाच्या हाती लागली, हे त्यांना दिसलंच नसेल. म्हणून मी वेळ बदलली. सकाळ नाही, ती घटका धरली. म्हटलं, भाऊजी, पोर काठाला लागली. जिवंत आहे. ताईजवळ आहे.

समोर एवढा डोंगर, पण माझी हाक परत आली नाही. त्याचा अर्थ मला विचारू नकोस. घरी आल्यावर इंगाबाईनं काही न विचारता पुढ्यात गरम सूप ठेवलं आणि मी लहान मुलासारखा रडलो.

रागावली नसशील, तर दोन ओळी लिही.
तुझा माधव

भिवंडी
९ मार्च १९७५

चि. माधव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावू कशाला? तुझं पत्र मी दारातच बसून वाचलं. आज बरं वाटलं.

चंद्रालाही वाचून दाखवलं. तिनं पत्र हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, मामा निघायच्या आत उजेड पुन्हा आला, तर माझ्या आईला पण हाक मारायला सांग. काय सांगायचं असं विचारलं, तर म्हणाली, मला आता स्वतःची वेणी घालता येते.

तेवढं सांगशील ना?

तुझी ताई सरला