सरडा टाटा करत नव्हता

ताई,

तुझा पाळलेला दाढीवाला सरडा माझ्या खोलीत, वेगळ्या पेटीत आहे. घाबरू नकोस. माझा सरडा त्याच्या शेपटीला चावला, म्हणून दवाखान्यात नेऊन आणलाय. दोघांना पुन्हा एकत्र सोडू नकोस.

डॉक्टर म्हणाले, "हा पुढचा हात हलवतो तो टाटा नाही. 'हरलो, मारू नकोस' म्हणतोय." आणि माझा त्याच्या पाठीवर बसतो ते लाडाने नाही, पेटीतल्या दिव्याची ऊब बळकावायला! आपण महिनाभर कौतुकाने फोटो काढले. माझं डोकंच चालेनासं झालंय.

काल मी तुझी मोठी खोली मागितली, तेव्हा तू नुसती हसून मान हलवलीस. ते 'हो' होतं का गं? संध्याकाळी तोंडाने सांग. तोवर माझं सामान जिथल्या तिथे आहे.

धाकटी