अर्ध्यावर तोडलेलं वाक्य

दि. ४ मार्च

चि. बारकीस दादाचे अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या ग्रंथालयात बसून तू सगळ्या गावाला पुस्तकं सुचवतेस, आज घरचंच गिऱ्हाईक दाराशी आलंय. बाबांचं ते तत्त्ववेत्त्याचं जाडजूड पुस्तक आता हातात धरवत नाही. शिवण सुटली, पानं गळतात. नवं घ्यावं म्हणून दुकानात गेलो, तर दुकानदाराने तीन तऱ्हा समोर मांडल्या. एक बाबांच्याच पुस्तकाची नवी छपाई, एक दोन खंडांची निवडक, आणि एक समग्र, सहा खंडांची, उचलताना कंबर धरावी अशी. चांगली कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाला की आधी कपाटाची रुंदी सांगा.

तूच काय ते ठरव. फार कीस पाडू नकोस. सत्यावरचा निबंध त्यात असला म्हणजे झालं.

कारखान्यातला अपघात तुला कळवला होताच. खोक्यांचा पुठ्ठा कापणाऱ्या यंत्रात माझ्या जोडीदाराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशी अजून चालू आहे, माझा जबाब महिनाअखेरीस. तुझी वहिनी म्हणते की मी घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवतोय. ती काहीही म्हणते.

तुझा,
दादा

दि. ११ मार्च

ती. दादास बारकीचा सा. न.

कीस पाडू नकोस असं ग्रंथपालाला सांगणं म्हणजे सुताराला रंधा मारू नको म्हणणं. तिन्ही आवृत्त्या टेबलावर घेऊन तीन दिवस बसले. आमचे प्राचार्य दोनदा डोकावून गेले, मला काही काम नाही अशी त्यांची खात्री झाली असावी.

निवडक घेऊ नकोस. निवडणाऱ्याला जे पटलं नाही ते त्यात नाही, आणि नाही हे सांगितलेलंही नाही. समग्र आवृत्तीत प्रत्येक लेखाखाली तो कुठल्या हस्तलिखितावरून घेतला, कुठे पाठ बदलतो, सगळं तळटिपांत आहे. शेवटी चांगली सूचीही आहे. बाबांच्या पुस्तकाला तर प्रस्तावनासुद्धा नाही.

फरक किती पडतो ते बघ. तुला हव्या त्याच निबंधातलं उदाहरण देते. बाबांच्या प्रतीत वाक्य आहे: जे सत्य सांगून कुणाचंच भलं होत नाही, ते न सांगण्यात दोष नाही. तिथे पूर्णविराम. समग्रमध्ये ते पुढे जातं: मात्र भलं होईल की नाही हे ठरवण्याचा हक्क लपवणाऱ्याला नाही. पहिल्या प्रकाशकाने वाक्य अर्ध्यावर तोडलं, का ते संपादकालाही उमगलेलं नाही. आपल्या घरात इतकी वर्षं या तत्त्ववेत्त्या म्हातारबुवांचं अर्धंच बोलणं ऐकलं गेलं, याची मला गंमत वाटली.

तेव्हा सहा खंड घे, आणि कपाटही घे. वहिनीला नमस्कार. माया होती तशीच राहू दे.

तुझी,
बारकी

दि. १५ मार्च

चि. बारकीस आ.

उदाहरण द्यायला तुला नेमकं तेच वाक्य सापडलं का? एक छापणारा एक म्हणतो, दुसरा दुसरं. मेलेल्या माणसाच्या तोंडी कुणीही काहीही घालावं. तो संपादक तरी शहाणा कशावरून?

राहू दे. काही घ्यायचं नाही. बाबांचं आहे तेच मी शिवून घेईन.

इकडे सगळं ठीक. झोप लागत नाही एवढंच.

दादा

दि. १९ मार्च

ती. दादास सा. न.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू माझ्यावर रागावतोस तेव्हा निदान दोन पानं तरी रागावतोस, हे अर्ध्या पानाचं मला परकं वाटलं.

शंका घेतलीस ते बरोबर. म्हणून हस्तलिखिताचा फोटो शोधून पाहिला. खंडाच्या शेवटी छापलाय. वाक्याचा पुढचा भाग म्हातारबुवांच्याच अक्षरात आहे, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेला. त्यांनाही तो सोपा गेलेला दिसत नाही.

आपल्याला हवं ते छापते म्हणून आवृत्ती चांगली ठरत नाही दादा, एवढंच मला माझ्या कामातलं कळतं. तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. वहिनीचंही पत्र आलं, तिलाही ठाऊक नाही. तो निबंध असलेला चौथा खंड पाठवलाय. वाचायचा नसेल तर परत पाठव, पण खुशाली कळव. अबोला धरू नकोस.

बारकी

दि. २ एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

यंत्राच्या पात्यापुढची संरक्षक जाळी मी काढली होती. ती सारखी अडकत होती आणि त्या दिवशी माल जायचा होता. जेवणाच्या सुट्टीत परत बसवीन म्हटलं. सुट्टी व्हायच्या आत जोडीदाराचा हात आत गेला. चौकशीत सगळ्यांनी धरून चाललं की जाळी त्यानेच काढली, आणि मी गप्प बसलो. त्याला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं. बोटं तर परत येणार नाहीत, मग बोलून कुणाचं भलं, असं मी मनाला रोज वाचून दाखवत होतो.

परवा जबाब दिला. सध्या मला घरी बसवलंय, पुढचं साहेब ठरवतील. त्याची नोकरी राहील असं दिसतं. ऐकून तुझी वहिनी आत निघून गेली, संध्याकाळी तिने जेवायला हाक मारली.

जबाबाच्या आधी मी त्याच्या घरी गेलो होतो. तो एकटाच होता, दवाखान्यात जायच्या तयारीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं अंगावर येईल. तो खाली बसला आणि म्हणाला की सगळे इतकं सांगत होते, त्यामुळे आपणच जाळी काढली असेल असं त्यालाही वाटायला लागलं होतं. आपल्या हातांनी ती कधी काढली, हे तो रोज सकाळी डोळे मिटून आठवून बघायचा. इतके दिवस का लागले, असं त्याने विचारलं.

उशीर होत होता. डाव्या बाहीचं बटण त्याला उजव्या हाताने लावता येईना. थोडा वेळ त्याने खटपट केली, मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी बटण लावलं. उजवीकडचं लावायला गेलो, तर म्हणाला की ते जमतं आता.

मनातून उतरलो नसेन तर दोन ओळी लिही.

तुझा,
दादा