जागेवर फिरणारं चाक

अप्पा, तुमच्या नातीचा आज नांदेडला खेळ आहे आणि मी इथं लातूरला आपल्या वेल्डिंगच्या दुकानात फोन समोर ठेवून बसले आहे. शटर अर्धंच वर केलंय. रविवार असल्यानं गिऱ्हाईक नाही, आणि आलं असतं तरी माझ्या हातून आज एक टाका सरळ पडला नसता. एका गेटची चौकट सकाळपासून आडवी पडून आहे, तिच्याकडे बघवत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही पोर रांगत होती. पत्र्याच्या कात्रणांकडे सारखी धाव घ्यायची, म्हणून तुम्ही तिला खांद्यावर घेऊन बसायचात आणि मला म्हणायचात, तू कर काम, मी हिला धरतो. आता तिला धरणारं कुणी नाही. नांदेडला दुचाकीच्या एका शोरूममध्ये नोकरी करते, आणि तिथल्याच तीन पोरांबरोबर मोटारसायकलवरचे खेळ करून दाखवते. चौघांत पोरगी ती एकटी.

त्यातला एक खेळ तुम्हाला समजावून सांगावा लागेल. बर्नआउट म्हणतात त्याला. गाडी जागेवर ठेवायची, पुढचं चाक पक्कं अडवायचं आणि गिअर टाकून मागचं चाक रेस देऊन जोरात फिरवायचं. चाक फिरतं, गाडी मात्र कुठं जात नाही. टायर घासून घासून तापतो आणि त्यातून पांढरा धूर निघतो, इतका की वर बसलेलं माणूस दिसेनासं होतं. लोक शिट्ट्या मारतात. बस, एवढंच. मी पहिल्यांदा तिच्या फोनवर पाहिलं तेव्हा मला वाटलं गाडीनं पेट घेतला. तिला विचारलं, यात करायचं काय असतं? ती म्हणाली, "काही न्हाई. न घाबरता बसून राह्यचं असतं."

दिवाळीनंतर ती घरी आली ती लंगडत. बाथरूममध्ये घसरले म्हणाली. मी सगळा जन्म तापल्या लोखंडाजवळ काढलेला, भाजलेलं मला कळत नाही होय? पोटरीवर सायलेन्सरचा डाग उठला होता, तळहाताएवढा. मग हळूहळू बाहेर आलं. ही पोरं सराव करताना पुढचं चाक भिंतीला टेकवून ठेवायची. त्या दिवशी खाली बारीक खडी होती. चाक सरकलं, गाडी भिंतीवर चढली आणि हिच्या अंगावर आली. मी बोलले, रडले, तुमची शपथ घातली. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आई, दुसरीकडं याला स्टँड असतो. उचलून नेता येतो असा. तू करून दे की. न्हाई दिलास तर भिंत हायच."

त्या वाक्यानं माझी झोप गेली. तिचे वडील एसटीवर ड्रायव्हर, गाडी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक. स्टँड करून द्यावा म्हणते असं मी सांगितलं, तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "तिला अडवायचं सोडून तूच तिला करून देऊन राहिलीस? मग मला बघायला बोलावू नका," म्हणाले आणि ताट सरकवून उठले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण अडवायचं कसं ते त्यांनीही सांगितलं नाही.

शेवटी मी लोखंड कापायला घेतलं. आधी नुसता पुढचा भाग केला. जाड पट्ट्यांचा खोबणीसारखा साचा, त्यात पुढचं चाक घट्ट बसेल आणि खाली रुंद पाया. दिसायला मजबूत होता. दुकानापुढच्या काँक्रीटवर तिनं गाडी त्यात घातली, हेल्मेट बांधलं आणि रेस दिली. मागचं चाक एकदा कण्हल्यासारखं झालं, आणि अप्पा, गाडी त्या स्टँडला घेऊनच पुढं निघाली. ठिणग्या उडवत सगळा पाया सरकत शटरकडं आला. मी शटरपुढंच उभी होते. तिनं क्लच दाबला म्हणून वाचलो. ती हसत होती, घाबरल्यावर हसतात तशी. मी तिथंच लोखंडाच्या ढिगावर बसले.

त्या संध्याकाळी मला तुम्ही पाळण्याचा स्टँड मोडलात तो दिवस आठवत राहिला. मी नुकतीच वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकले होते. शेजारच्या काकूंच्या घरी बाळ यायचं होतं, त्यांच्यासाठी पाळण्याचा स्टँड मी एकटीनं केला होता. सांधे खवल्यांसारखे एकसारखे उतरले होते, मी तुमच्या कौतुकाची वाट बघत उभी. तुम्ही हातोडा घेतलात आणि वरच्या सांध्यावर मारलात. दुसऱ्या घावाला पाइप गळून पडला. "दिसाय लई देखणं हाय," तुम्ही म्हणालात. "पर आतलं लोखंड वितळलंच न्हाई. वरून नुसता लेप दिलाय." आई आतून ओरडली, पोरीला असं बोलतात का? दोन दिवसांनी माझ्या हाताच्या मापाचे कातडी हातमोजे आणून माझ्यापुढं ठेवलेत. तुमचे मोठे हातमोजे घालून माझी पकड ढिली पडते, हे तुम्ही कधी बघितलंत ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या खेपेला मी आधी नुसतं बसून विचार केला. मागचं चाक जमिनीला मागं ढकलतं, म्हणून गाडी पुढं जाते. ते चाकही जर स्टँडवरच असलं, तर ते स्टँडलाच मागं ढकलेल आणि पुढचं चाक स्टँडलाच पुढं रेटेल. दोघांची ओढाताण आपसातच राहील. म्हणून मागच्या चाकाखाली जाड प्लेट टाकली आणि तिला पुढच्या साच्याशी दोन लांब पाइपांनी जोडलं. पण हे अख्खं धूड टेम्पोत मावेना. मग पाइप मधोमध कापले, एकात एक सरकतील असे केले आणि दर जोडाला आरपार दोन पिना घातल्या. तिथंच माझा जीव अडकला आहे, अप्पा. अखंड पाइपाची मला भीती नव्हती. कापला तो मीच. हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे बांधले. तिच्या मनगटाला एक दोरी दिली, ती पडली तर दोरी ओढून इंजिन बंद पडावं म्हणून. "लोक हसतील आई," ती म्हणाली. मी म्हटलं, हसू दे, नाहीतर स्टँड इथंच राहील. एक एक सांधा मी हातोड्यानं ठोकून पाहिला. एकही सुटला नाही, पण एकाचा आवाज मला आवडला नाही, म्हणून तो घासून पुन्हा भरला.

काल दुपारी त्यांचा टेम्पो आला. चौघांनी मिळून स्टँड चढवला, पाठोपाठ गाडी. मी पिना वेगळ्या फडक्यात बांधून तिच्या हातात दिल्या आणि प्रत्येक खेळाआधी काय काय बघायचं ते पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "पाठ झालंय." तू येतेस का, असं तिनं विचारलं होतं. मी नाही म्हणाले. माझा चेहरा बघून ती घाबरली असती. तिचे वडील ओट्यावर उभे होते. टेम्पो निघताना ते ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "लोह्याच्या पुढं रस्ता खराब हाय. हळू चालव."

खेळ चारच्या सुमारास म्हणाले होते. आता साडेचार होऊन गेलेत. मी दोनदा फोन उचलून पाहिला, आवाज बंद तर नाही ना म्हणून. पिन वाकली तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. लोक किती जवळ उभे असतील? कडेनं दोरी बांधली असेल का? मी टायरचा विचारच केला नव्हता, तो फुटला तर? हे तिला सांगायचं राहिलं, आणि आता

फोन आला होता. आधी नुसता गलका ऐकू आला. मग ती ओरडली, "आई, झालं! जागचा हलला न्हाई! प्लेट इतकी तापली की वर पाणी ओतलं तर चरचरलं!" मी विचारलं, पिना? "काढताना एक जाम झालती. ठोकून काढली." वाकली होती का? "आई, झालं म्हणून सांगाय लागले ना मी." पलीकडून तिला कुणी हाका मारत होतं. मग ती म्हणाली, "बाबांना सांग," आणि फोन ठेवला. मी घरी जाऊन सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान तेच होतं जे सकाळी होतं. "बरं," म्हणाले, आणि उठून तोंड धुऊन आले.

मला वाटलं होतं फोन आल्यावर जीव भांड्यात पडेल. नाही पडला. जाम झालेली पिन मनातून जात नाही. पुढच्या महिन्यात त्यांना किनवटला बोलावलंय, त्याआधी चारही पिना बदलायच्या, जाड घालायच्या. तुम्हालाही असंच व्हायचं का? मी होल्डर धरून उभी राहिले की तुम्ही उगाच काही शोधायच्या निमित्तानं मेन स्विचपाशी जाऊन उभे राहायचात. मला तेव्हा वाटायचं, अप्पांचा माझ्या कामावर विश्वास नाही.

हे पत्र पोचवायची काही सोय नाही, रॉडच्या रिकाम्या डब्यात ठेवून देईन. एक गोष्ट मात्र घरात कुणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. गुरुवारी दुपारी हे ड्यूटीवर होते, पोर नांदेडला. गाडी मापासाठी इथंच ठेवली होती, स्टँडवर चढवलेलीच होती. पट्टे आवळले, तिचं जुनं हेल्मेट घातलं, पदर खोचला, मनगटाला दोरी बांधली आणि मी स्वतः बसले. माझ्या आधी तिला त्यावर बसवायचं माझ्याच्यानं होईना. रेस दिली. पाइप थरथरले, पण सरकलं काही नाही. धूर आला, नाकातोंडात गेला, समोरचा रस्ता दिसेनासा झाला, आणि एवढ्या महिन्यांत तेवढाच वेळ मला कसलीच भीती वाटली नाही. तपासून झालं होतं, गाडी बंद केली. मग आणखी एकदा चालू केली, अप्पा. दुसऱ्यांदा तपासायचं काही नव्हतं.