अकरा निळ्या चिठ्ठ्या

५ मार्च १९२८

फिर्मांनं शब्द दिला! माझा हात हातात घेऊन. आमच्या मोंत्रेलच्या खाणीतल्या स्फोटाची चौकशी व्हावी की नाही, यावर पुढच्या मंगळवारी सभागृहात मतदान. सरकारच पणाला लावतोय. "हरलो तर राजीनामा. आता तरी खूश का, शास्त्रीबुवा?"

तरुणपणी पॅरिसात तीन वर्षं संस्कृत घोकलं, त्याचं फळ एवढंच — देशाचा पंतप्रधान मला शास्त्रीबुवा म्हणतो. मोंत्रेलच्या शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. आता तो मोंत्रेलचा खासदार, आणि मी मोंत्रेलच्या चार पानी वर्तमानपत्राचा पॅरिसमधला बातमीदार. बाक बदलले, कागाळ्या त्याच.

बहिणीला, सिदोनीला, लगेच पत्र टाकलं. चार वर्षं झाली. स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी कंपनीनं खाणीचं तोंड बुजवलं — आग विझवायला, म्हणे. आत चौतीस माणसं. त्यांत सिदोनीचा नवरा, बातिस्त. ती आणि बाकीच्या विधवा तेव्हापासून एकच विचारतात: तोंड बुजवलं तेव्हा आत कुणी जिवंत होतं का?

८ मार्च

सिदोनीचं उत्तर. "फिर्मांवर माझा काडीचा विश्वास नाही. लपंडावातसुद्धा डोळे किलकिले ठेवायचा मेला. पण तुझ्यावर आहे. तू म्हणतोस, तर बायकांना सांगते." सोबत घरच्या सॉसेजचं पुडकं. टोमणा आणि खाऊ एकाच टपालानं!

१३ मार्च

सरकार पडलं. नऊ मतांनी.

क्रमानं लिहितो. सकाळपासून भाषणं. साडेबाराला फिर्मांनं मला ओवरीत गाठलं. "आपली माणसं भुकेनं कासावीस झालीत. मार्सेलिनबाईंच्या खानावळीत ने त्यांना. पाचाच्या आत काही मतदान होत नाही." निघालो की मी — वऱ्हाड घेऊन निघावं तसा. अकरा खासदार!

जेवायला जाणारा खासदार आपलं मत पक्षाच्या पेटीवाल्याकडे सोपवून जातो. पांढरी चिठ्ठी म्हणजे होय, निळी म्हणजे नाही. पेटीवाला सगळ्यांच्या वतीनं टाकतो. विवेक पेटीत, रुमाल गळ्यात. आमचा पेटीवाला आन्सेल्म, फिर्मांचा मानसपुत्र. "पांढऱ्या टाक रे!" सगळे ओरडले. "टाकतो हो," तो हसला, "माझ्यासाठी एखादी तंगडी ठेवा म्हणजे झालं."

मतदान तीनलाच झालं. तीनला आम्ही घेवड्यात शिजलेल्या बदकाला न्याय देत होतो. आणि आन्सेल्मनं अकराच्या अकरा निळ्या टाकल्या!

फिर्मांकडे धावलो. डोळे लाल. "पाठीत खंजीर, शास्त्रीबुवा! माझ्या हातानं वाढवलेला माणूस! आता चौकशी कसली, काय कसली... लिही. तूच लिही."

लिहिलं. इतकं जहरी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

१४ मार्च

राजपत्रात अकरा दुरुस्त्या. "श्री. अमुक यांचं मत निळं नोंदलं गेलं. त्यांना पांढरं द्यायचं होतं." निकाल यानं बदलत नाही, अंतःकरण तेवढं शुद्ध होतं. प्रायश्चित्ताला निदान आंघोळ तरी लागते. इथे सही पुरते.

१५ मार्च

सभागृहाच्या उपाहारगृहात आन्सेल्म एकटाच बसला होता. सगळ्यांनी पाठ फिरवलेली. मी मुद्दाम समोर बसलो.

"का केलंस?"

"लेख वाचला तुमचा. छान लिहिता तुम्ही, शास्त्रीबुवा."

"लाज नाही वाटत?"

"मतदान तीनलाच घ्या, असं कोण म्हणालं — चौकशी केलीत?"

"विरोधकांनीच घाई केली असणार."

"असणार," म्हणाला, आणि कॉफी अर्धी टाकून उठला.

निर्लज्ज!

२० मार्च

सिदोनीचं पत्र. माझा लेख मोंत्रेलमध्ये दारादारावर चिकटवलाय. आन्सेल्मच्या आईचं तिथे पावाचं दुकान — तिकडे आता कुणी फिरकत नाही. शनिवारी कुणीतरी काच फोडली. रविवारी फिर्मां गावी आला. विधवांनी स्टेशनवर फुलं दिली. तो रडला, बायकाही रडल्या. "त्याच्याबद्दल मी चुकले. तू बरोबर होतास."

कित्येक वर्षांनी बहीण मला बरोबर म्हणाली! त्या काचेचं मात्र खुपतंय.

२१ मार्च

फिर्मां भेटत नाही. दमला असेल.

२३ मार्च

राहवेना. सभागृहाच्या दप्तरात जाऊन त्या दिवसाचा वृत्तान्त काढला. दोन चाळीस: "पंतप्रधानांच्या विनंतीवरून चर्चा आटोपती घेण्यात आली."

पंतप्रधानांच्या! पाचाच्या आत मतदान नाही, असं सांगून आम्हाला जेवायला धाडणाऱ्या फिर्मांच्या!

चार वेळा वाचलं. वृद्ध दप्तरदार म्हणाला, "काय हो, काही हरवलं का तुमचं?"

हरून त्यानं शब्दही पाळला, चौकशीही बुजवली, वर गळ्यात फुलं. कंपनी खूश, विधवा खूश. आणि त्याच्या अश्रूंना शाई पुरवली ती मी. चाळीस वर्षांची मैत्री... नाही, आज लिहवत नाही.

२४ मार्च

फिर्मांच्या घरी गेलो. नोकर दारातच: "साहेब बाहेर गेलेत." आतून साहेबांचं हसू ऐकू येत होतं.

२६ मार्च

नव्या मंत्रिमंडळाची यादी आली. परराष्ट्रमंत्री — फिर्मां. त्याचा उपमंत्री — आन्सेल्म. चौकशीचा उल्लेख नाही.

दुपारी सिदोनीची तार. "आन्सेल्मची आई येऊन गेली. त्या अकरांना जेवायला तू नेलंस म्हणते. नाही म्हण."